डेव्हिल्स लेकच्या कॅम्प होस्ट काका-काकूंना: सरपण, राख आणि गोचिडीसाठी मनापासून आभार

काका-काकू, सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतली चिठ्ठी तुमच्या दाराशी ठेवून आलोच आहोत. हे पत्र मराठीत आणि उघड लिहितोय, कारण शिकागो, मिलवॉकी, मॅडिसनकडची मराठी घरं उन्हाळ्यात विस्कॉन्सिनच्या या स्टेट पार्कात तंबू घेऊन येतात. तुम्ही शिकवलेलं त्यांच्या हाती पडलं, तर तुमच्या संध्याकाळच्या फेऱ्या थोड्या कमी होतील.

कॅम्प होस्ट म्हणजे काय, हे आपल्या लोकांना पटकन कळत नाही. ते पगारी रेंजर नव्हेत. स्वतःची कॅम्पर गाडी घेऊन हंगामात तिथेच मुक्काम करायचा, येणाऱ्याला जागा दाखवायची, अडलेल्याला मदत करायची, आणि त्याबदल्यात मिळते ती गाडी उभी करायची जागा. एवढ्यावर तुम्ही इतकं करता. आणि तुमची खासियत ही, की नियम सांगायच्या आधी त्याचं कारण सांगता. कारण कळलं की मुलंसुद्धा नियम मोडत नाहीत.

सरपणाचंच घ्या. घरच्या अंगणातलं तोडलेलं झाड गाडीत टाकून आणायचं नाही. लाकूड पार्कपासून 10 मैलांच्या आतलं हवं, नाहीतर प्रमाणित शिक्का असलेलं. आधी हे पैसे उकळायचं निमित्त वाटतं. मग तुम्ही ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची एक साल उचकटून आतल्या नागमोडी खाचा दाखवल्यात. एमरल्ड ॲश बोरर नावाच्या हिरव्या भुंग्याची अळी सालीखाली अशी वाट कोरत जाते, झाडाचा रस वर चढणं बंद होतं आणि उभं झाड वाळतं. अमेरिकेत हा भुंगा 2002 मध्ये डेट्रॉइटच्या आसपास सापडला, 2008 मध्ये विस्कॉन्सिनात. स्वतःच्या पंखांवर तो फार लांब जात नाही, पण सरपणात बसून एका शनिवारी 200 मैल येतो. त्या खाचांवरून बोट फिरवलं की पुन्हा कुणाला सांगावं लागत नाही.

शेकोटी पेटवण्याचं तुमचं माप आता आमच्याकडे पाठ आहे. आधी मूठभर पेटवण, म्हणजे कोरडी सालपटं किंवा कागद. तिच्यावर पेन्सिलीएवढ्या ढलप्या, मग अंगठ्याएवढ्या, आणि त्या धडधडून पेटल्यावरच मनगटाएवढी लाकडं. बहुतेकांची शेकोटी धुरकटते ती इथेच: पेटवणीवर थेट जाड ओंडका ठेवतात, खालची हवा कोंडते, ओलावा निघता निघत नाही आणि मग रॉकेलसारखं काहीतरी ओतायचा मोह होतो. तो मोह जिवावर बेततो. लाकूड ओलसर असेल तर जाड तुकडा उभा चिरायचा. आतलं लाकूड बाहेरच्यापेक्षा कोरडं असतं.

पण पेटवण्यापेक्षा विझवणं तुम्ही जास्त जीव लावून शिकवलंत. झोपायच्या तासभर आधी नवं लाकूड घालणं बंद. मग पाणी एकदम भसकन ओतायचं नाही, नाहीतर गरम राख आणि वाफ तोंडावर येते. कडेने, थोडं थोडं. चुर्र आवाज थांबला म्हणजे विझलं असं नाही. काठीने तळापर्यंत ढवळायचं, पुन्हा पाणी, पुन्हा ढवळायचं. शेवटी पालथा हात राखेच्या अगदी जवळ धरायचा. जरा जरी ऊब लागली तरी आणखी पाणी. कोरडी राख पांघरुणासारखी असते, तिच्याखाली निखारा रात्रभर जिवंत राहतो आणि पहाटेच्या वाऱ्याने उघडा पडतो. माती टाकून झाकलं तरी तेच होतं. पाण्याची एक भरलेली बादली शेकोटीशेजारी पेटवण्याआधीच हवी, हे तुमचं वाक्य आम्ही सामानाच्या यादीत सगळ्यात वर लिहिलंय.

तंबूबाबतीतली आपली नेहमीची चूक म्हणजे खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावते. पावसाचं पाणी तिच्यावर पडतं, घरंगळत तंबूखाली जातं आणि पहाटे पाठ ओली. ताडपत्री चारही बाजूंनी आत दुमडायची, बोटभर तरी. खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं आणि टोक तंबूच्या दिशेने, साधारण 45 अंशांत. मग ताण आला की ती उपटत नाही. जमिनीत दगडगोटे भरपूर, म्हणून तंबूबरोबर येणाऱ्या पातळ तारेच्या खुंट्या वाकतात. जाड पोलादी खुंट्या आणि एक हातोडी वेगळी आणावी. तंबूभोवती चर मात्र खणायचा नाही. पाणी साचतं ते जागा चुकल्याने, म्हणून आधी उतार बघायचा आणि डोकं चढाच्या बाजूला ठेवून झोपायचं. हवा भरायची गादी उन्हाळ्यात ठीक. मे किंवा सप्टेंबरात तिच्यातली गार हवा पाठ गोठवते, तेव्हा फोमची चटई हवीच.

जागा निवडण्याचं तर तुम्ही थोडक्यात उलगडलंत. तीन कॅम्पग्राउंड: क्वार्टझाइटमध्ये मोकळं गवत जास्त आणि सावली कमी, आइस एज झाडीत, नॉर्दर्न लाइट्स साधारण मधलं. तिन्ही मिळून चारशेहून अधिक जागा, तरी जुलैचे शनिवार-रविवार भरून जातात. आरक्षण 11 महिने आधी उघडतं. म्हणजे 10 जुलैची जागा आदल्या वर्षीच्या 10 ऑगस्टला धरायची. गाडीचा प्रवेश-स्टिकर जागेच्या भाड्यात धरलेला नसतो, आणि इलिनॉयची नंबरप्लेट असेल तर तो महाग पडतो. एका जागेवर 6 माणसं, किंवा एक कुटुंब. चार घरं मिळून एकच जागा घ्यायची आणि वीस जणांची पंगत मांडायची, हा आपला बेत तिथे चालत नाही. शेजारशेजारच्या जागा घ्याव्या लागतात. रात्री 11 ते सकाळी 6 शांतता. अंताक्षरी त्याआधी संपवायची.

स्वयंपाकाचं आम्ही तुम्हाला सांगायचं, तर तुम्हीच आम्हाला सांगितलंत. दोन शेगड्यांचा प्रोपेन स्टोव्ह दोन्हीकडे पूर्ण आचेवर चालला, तर एक पौंडाची टाकी साधारण तासाभरात संपते. दोन रात्री, सहा माणसं, सकाळचे पोहे, चहा आणि संध्याकाळची खिचडी धरली, तर तीन टाक्या न्याव्यात. ब्यूटेनची नळकांडी गारठ्यात हाय खातात, कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं. प्रोपेन उणे 42 पर्यंत टिकतं. वाऱ्याला अडोसा स्टोव्हच्या झाकणाचा करायचा, टाकीभोवती पत्रा गुंडाळायचा नाही, टाकी तापून फुटू शकते. आणि पाऊस कितीही असो, स्टोव्ह तंबूत आणायचा नाही. आगीपेक्षाही कार्बन मोनॉक्साइड घातक, त्याला वास नसतो.

भांडी. इथे तुम्ही जो तळ्याचा मुद्दा मांडलात, तो मनात घर करून राहिला. डेव्हिल्स लेक 360 एकरांचं, जास्तीत जास्त 47 फूट खोल. शेवटच्या हिमयुगात हिमनदीने दरीच्या दोन्ही तोंडांशी दगडमातीचे बांध आणून टाकले, आणि मध्ये पाणी अडलं. या तळ्यातून बाहेर वाहणारा ओढा नाही. जे आत गेलं ते आतच राहतं. साबणातलं आणि खरकट्यातलं फॉस्फरस गाळात साचतं, त्यावर शेवाळ पोसतं. म्हणून तर 2002 मध्ये तळाजवळचं फॉस्फरसने जड झालेलं पाणी पाइपने बाहेर काढायला सुरुवात झाली. भाताची पेज नळाखाली ओतायची नाही, तळ्यात तर नाहीच. ताट आधी कागदाने पुसायचं, खरकटं पिशवीत, मग टबात धुवायचं, पाणी गाळून ठरलेल्या ठिकाणीच ओतायचं. आमच्या घरी पिठल्याचं पातेलं कागदाने पुसताना अजून काही जणींना चुकल्यासारखं वाटतं, पण सगळ्या पुसतात.

उरलेलं अन्न आणि रॅकून (मांजराहून थोडा मोठा, रात्री हिंडणारा रानटी प्राणी), हा तुमचा दुसरा विषय. रॅकूनचे पंजे हातासारखे चालतात: कूलरची कडी, चेन, पिशवीची गाठ, सगळं उघडतात. फोडणीचा वास लांब जातो. रात्री डबे, कचरा, टूथपेस्टसुद्धा गाडीत, काचा बंद. तंबूत एक बेसनाचा लाडूही नको.

आता गोचीड. भारतात गुरांच्या अंगावरची टपोरी गोचीड बघितलेल्या माणसाला इथली दिसतच नाही. काळ्या पायांच्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, आणि लाइम हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा जंतूंचा आजार पसरवण्यात तेच पुढे. मे-जून-जुलै त्याचा जोराचा काळ. लांब बाह्या, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, वाटेच्या मधोमध चालायचं. ती गवताच्या टोकावर पाय पसरून बसते आणि घासून जाणाऱ्याला चिकटते, झाडावरून उडी मारत नाही. कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक घरीच फवारून वाळवून न्यायचं (ओलं असताना मांजरापासून लांब ठेवा, त्याला ते विषारी आहे), अंगाला कीटक दूर ठेवणारं डीट किंवा पिकारिडिन. रोज संध्याकाळी गुडघ्यांमागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे, केसांच्या कडेला बोटं फिरवायची. काकू, तुम्ही मुलींच्या वेण्या सोडून बघायला सांगितलंत, ते योग्यच.

चिकटलेली सापडली तर बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी टेकवून, तिच्या तोंडाशी पकडायचं आणि सरळ वर, एकाच जोराने ओढायचं. पिळायचं नाही. तेल, नेलपॉलिश, काडीचा चटका हे सगळं बाद: डिवचली की ती जास्त लाळ सोडते. मग साबण-पाणी, आणि तारीख लिहून ठेवायची. लाइमचा जंतू शिरायला ती साधारण दिवसभराहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून रोजची तपासणीच खरं औषध. पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा पसरत जाणारा लाल चट्टा उठला, तर डॉक्टरांना ती तारीख सांगायची. घरी आल्यावर कपडे धुण्याआधी कोरडेच ड्रायरमध्ये, पूर्ण उष्णतेवर 10 मिनिटं. गोचीड पाण्यात जगते, कोरड्या उष्णतेत मरते.

पोहून आल्यावर अंगावर बारीक लाल पुरळ उठतं, त्याला आपले लोक ॲलर्जी समजतात. ते स्विमर्स इच. बदकांतल्या एका परजीवीची अंडी पाण्यात पडतात, गोगलगायीत वाढतात, आणि बाहेर पडलेल्या अळ्या बदक समजून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. अंगावरचं पाणी वाळताना त्या आत घुसतात, म्हणून बाहेर येताक्षणी पंच्याने खसाखसा अंग पुसायचं. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथल्या उथळ पाण्यात बसायचं नाही, आणि बदकांना पाव टाकायचा नाही. किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात, हेही घरून निघतानाच ठाऊक असावं. फुगवायची बोट वारा मिनिटांत आत नेतो, म्हणून बोटीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट.

चढाईची दिशा तुम्ही उलटी करायला लावलीत, त्याबद्दल आमच्या सगळ्यांच्या गुडघ्यांकडून विशेष आभार. कॅम्पग्राउंड उत्तरेकडे, म्हणून सगळे ईस्ट ब्लफ, म्हणजे पूर्वेकडच्या कड्याच्या वाटेने चढतात आणि बॅलन्स्ड रॉक नावाच्या वाटेच्या उभ्या दगडी पायऱ्यांवरून उतरतात. तळ्यापासून 500 फूट उंच कडे, खडक क्वार्टझाइटचा, दीड अब्जाहून अधिक वर्षं जुना, आणि पावसाचे चार थेंब पडले की काचेसारखा. आधी पश्चिम काठाने, टम्बल्ड रॉक्सच्या सपाट वाटेने दक्षिणेला जायचं, रूळ सांभाळून ओलांडायचे (त्यावर गाड्या धावतात), बॅलन्स्ड रॉकने चढायचं आणि ईस्ट ब्लफच्या उताराने तंबूशी परत. माणशी दोन लिटर पाणी, आणि निघायचं सकाळी आठच्या आत.

ढग गडगडले की तंबू सोडायचा, लगेच. गाडी किंवा पक्की इमारत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच.

आणि ते मातीचे उंचवटे. किनाऱ्याजवळ पक्षी, अस्वल यांच्या आकाराचे, सुमारे हजार वर्षांपूर्वी माणसांनी रचलेले. इथल्या मूळ रहिवासी हो-चंक लोकांसाठी हे तळं पवित्र. ‘डेव्हिल्स’ हे नाव त्यांच्या शब्दाच्या चुकीच्या भाषांतरातून आलं. मुलं त्या उंचवट्यावर चढली तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. गुडघ्यावर बसलात, हाताने पक्ष्याचा पंख कुठून कुठे जातो ते दाखवलंत, आणि मुलं आपणहून खाली उतरून कडेने चालत राहिली. देवळात चप्पल काढतो तसं, असं त्यांच्यातल्याच एकीने बाकीच्यांना सांगितलं.

चिठ्ठीजवळ काचेच्या बरणीत शेंगदाण्याची चटणी ठेवली आहे: भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. महिनाभर टिकते, पावाला लावूनही छान लागते. रात्री तेवढी गाडीत ठेवा.

तुमचेच,
शिकागो आणि मॅडिसनकडची मराठी घरं