पाय पाण्यात गेला की रस्त्यावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात आम्हा ढिवरांची मासेमारी चालते. दिवाळीनंतर एका पहाटे माझा चुलतभाऊ डोंग्यातले रोहूचे कॅरेट छोट्या हत्तीत चढवत होता. काठ ओला, त्यात बर्फाचं पाणी सांडलेलं. तो घसरला आणि पाय मागच्या चाकाखाली सापडला. नागपूरला घोट्यापासून काढावा लागला.

संस्थेचं दप्तर बारा वर्षं सांभाळलंय, म्हणून कागद मीच फिरवले. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेच्या गटविम्यात कायमच्या अंशतः अपंगत्वाला 2 लाख 50 हजार आहेत. घरी दोन एकर धान, सातबारा त्याच्याच नावावर. म्हणजे राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून एक अवयव गेल्याचे 1 लाख. एकाच पायाचे दोन भाव, तेही असो. पहिल्या टेबलावर विचारलं, "पाय पान्यात गेला का सडकेवर? सडकेवर असंन तं हा हमालीचा अपघात झाला जी." दुसऱ्या टेबलावर, "मच्छीमाराचा इमा आहे ना त्याचा? मंग इथं कायले?"

भाची नागपूरला वकिली शिकते. ती म्हणाली, मामाजी, अमेरिकेच्या बंदरांत हे भांडण शंभर वर्षांपूर्वीच झालंय. 1914 साली न्यूयॉर्कला जेन्सन नावाचा गोदी कामगार जहाजातून धक्क्यावर टाकलेल्या फळीवर मेला. फळी पाण्यावर होती आणि पाण्यावर कायदा केंद्राचा, म्हणून राज्याची भरपाई त्याच्या बायकोला लागू नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1917 मध्ये ठरवलं, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. धक्क्यावर मेला असता तर मिळाली असती! पुढे 1927 मध्ये गोदी कामगारांसाठी केंद्राचा कायदा आला, पण तो पाण्यापुरता. 1972 मध्ये त्याला धक्क्यावर आणलं. आणि 1980 मध्ये न्यायालयाने सांगितलं की काठावरच्या कामगाराला राज्य आणि केंद्र, दोन्ही दारं उघडी आहेत. पैसे मात्र दुप्पट नाहीत. राज्याने दिलेली रक्कम केंद्राच्या रकमेतून वजा होते. जेन्सनपासून इथवर यायला त्यांनाही 63 वर्षं लागली, हेही खरं.

आम्हीही डबल पैसे मागत नाही. माणूस ज्या टेबलावर आधी पोचला, त्याने दावा नोंदवून घ्यावा. एकीकडे मिळालेलं दुसरीकडून कापायचं तर खुशाल कापा. डोंगा, काठ आणि गाडी यांत पाच पावलांचं अंतर. मासा पकडण्यापासून चढवण्यापर्यंत काम एकच. त्या पाच पावलांत माणूस कधी मच्छीमार, कधी शेतकरी आणि कधी हमाल झाला, हे कोण मोजणार?

आता दोन्हीकडून अपंगत्वाचं मूळ प्रमाणपत्र मागितलंय. ते एकच आहे, आणि सध्या भावाच्या उशीखाली आहे.

— मच्छीमार संस्थेचा एक माजी सचिव,
ता. पवनी, जि. भंडारा