सायलीस, पिस्तूल घेण्याआधी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, चाळीस हजारांत बसेल असं एकच पिस्तूल सांगा. रेंजवर नेमबाजीला चालेल आणि रात्री हिंजवडीहून येताना पर्समध्येही राहील." आई शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा विषय वाढवला नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे या बाबतीत तुला गुळमुळीत उत्तर देणं मला जमणार नाही. ही दोन्ही कामं करणारं एक पिस्तूल नसतं. नेमबाजीचं घे, मी पाठीशी आहे. संरक्षणासाठी मात्र घेऊ नकोस.

आधी संरक्षणाचं बोलतो. आपल्याकडे सामान्य नागरिकाला 9 एमएम मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप). मिळतं ते बहुतेक वेळा .32 इंचाचं, इशापूर किंवा कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, आणि किंमत लाखाच्या घरात. त्याआधी परवाना. 21 वर्षांची अट तुझी पूर्ण होते, पण पुण्यात अर्ज पोलीस आयुक्तालयात करायचा, जिवाला नेमका काय धोका आहे ते पटवून द्यायचं, शस्त्र हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडायचा, मग चौकशी. एवढं होऊन परवाना मिळालाच तर पाच वर्षांचा, आणि निवडणुका लागल्या की शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो. शिवाय ते पर्समध्ये घेऊन तू ऑफिसच्या गेटमधून आत जाणार कशी?

कायद्यापेक्षाही मला काळजी वाटते ती वेळेची. वाकडच्या पुलाखाली ते दोघं दुचाकीवरून तुझ्या रिक्षाला चिकटून चालले होते, तेव्हा तुझ्या हाताशी किती वेळ होता? पर्सची चेन उघडायची, पिस्तूल काढायचं, सेफ्टी काढायची, अंधारात हलत्या माणसावर नेम धरायचा, त्याच्या मागे कोण उभं आहे तेही बघायचं. शांत रेंजवर पाय रोवून उभं राहिलेल्याचा हातसुद्धा थरथरतो. आणि झटापटीत ते त्यांच्याच हाती लागलं तर? हा विचार मला सहन होत नाही गं. स्वसंरक्षणाचा हक्क तुला आहेच, भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये तो दिला आहे, पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं तर त्याचा आधार राहत नाही. त्यापेक्षा 112 नंबर एका बोटावर ठेव. उशीर होणार असेल त्या दिवशी कंपनीची गाडी सोसायटीच्या दारापर्यंत यायलाच हवी असा आग्रह धर. त्या रात्रीची तक्रारही अजून दिलेली नाहीस, ती द्यायची.

एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या किंवा वायूच्या दाबाने छर्रा मारणारं, पर्समध्ये ठेवावं असं मनात असेल तर तेही नको. त्याचा छर्रा हल्लेखोराला थांबवत नाही, फक्त चिडवतो. समोरच्याला मात्र ते खरंच वाटू शकतं, आणि मग तो कसा वागेल ते सांगता येत नाही.

आता नेमबाजी. तुझी सुरुवात 10 मीटर एअर पिस्तूलपासून व्हावी. बोअर 4.5 मिमी, म्हणजे .177 इंच. या बोअरच्या आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्राची आणि पत्त्याची नोंद घेतो. लक्ष्यावरचा दहाचा गोल 11.5 मिमीचा, शर्टाच्या गुंडीएवढा. स्पर्धेत उभं राहून, एका हाताने, 75 मिनिटांत 60 शॉट.

दुकानात सगळ्यात स्वस्त दाखवतील ते स्प्रिंगचं. त्यात ट्रिगर दाबला की आतला पिस्टन जोरात पुढे धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच पिस्तूल हातात झटका देतं. चूक तुझी की पिस्तुलाची हे नवशिक्याला कधीच कळत नाही. सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या, बाटलीवर चालणाऱ्यात झटका कमी, पण भराभर शॉट मारले की बाटली गार पडते, दाब उतरतो आणि छर्रे खाली लागू लागतात. पुण्यातली डिसेंबरची सकाळ आणि एप्रिलची दुपार यांतही फरक पडतो. सिंगल स्ट्रोकचं मला कमी पैशांत सगळ्यात प्रामाणिक वाटतं. प्रत्येक शॉटआधी एकदा लिव्हर ओढायची, हवेचा दाब दर वेळी तेवढाच. हात दमतो, पण सिलिंडर भरायची कटकट नाही. आणि खरं स्पर्धेचं म्हणजे 200 बार दाबाच्या हवेच्या सिलिंडरचं, स्टायर, मोरिनी, पार्डिनी, वॉल्थर या कंपन्यांचं. झटका जवळपास नाहीच, पण नवं घ्यायला लाखाच्या वर लागतात.

म्हणून चाळीस हजार आत्ता खर्चू नकोस. काही महिने क्लबच्या पिस्तुलावर शीक. मग आपण सिंगल स्ट्रोकचं घेऊ किंवा सिलिंडरचं जुनं बघू. जुनं घेताना पहिली नजर सिलिंडरवर कोरलेल्या तारखेवर. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नव्याचा खर्च विकणारा सांगत नाही. ट्रिगर इलेक्ट्रॉनिक नको, साधा मेकॅनिकल बघ. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं होतं. तिच्या पाठीशी सगळा चमू होता, तू पहिल्या पिस्तुलाशी एकटी असणार. (तीच मुलगी 2024 मध्ये पॅरिसहून एअर पिस्तूलची दोन कांस्यपदकं घेऊन आली, हेही लक्षात ठेव.) नियमाप्रमाणे ट्रिगर दाबायला लागणारा जोर 500 ग्रॅमच्या खाली चालत नाही. स्वस्त पिस्तुलांत तो कितीतरी जड असतो आणि बोट दाबता दाबता फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाची नेमाची खूण, बाजूला सरकते.

कंपनीच्या नावापेक्षा ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ, महत्त्वाची. तुझा तळवा लहान आहे, मध्यम मापाची ग्रिप तुझ्या हातात फिरेल. आणि डोळा तपास. हात लांब करून अंगठ्याने समोरचा दिवा झाक, मग एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याने बघताना अंगठा दिव्यावरून हलत नाही, तो तुझा नेमाचा डोळा. लहानपणी तू दुर्बिणीला डावा डोळा लावायचीस, म्हणून म्हणतो. उजवा हात आणि डावा डोळा असेल तर प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांग.

तोवर घरी रोज लिटरभर पाण्याची भरलेली बाटली हात सरळ करून पंधरा सेकंद धर. स्पर्धेचं पिस्तूल साधारण तेवढ्याच वजनाचं असतं. पिस्तूल आलं की पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव, कर, पण तशी सोय असलेल्या पिस्तुलावरच. स्प्रिंगचं रिकामं चालवलं तर पिस्टन आपटून खराब होतो. पेटीतून काढलं की आधी नळी उघडून बघायची, कालच बघितली असली तरी. आणि छर्रे शिशाचे असतात, हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही.

रविवारी वाईहून सकाळच्या एसटीने येतो. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जाऊन नवशिक्यांच्या वर्गाची चौकशी करू. पिस्तुलाला चाळीसच्या वर जे लागतील ते मी घालीन. परतताना पोलीस ठाण्यात जाऊ. त्या रात्रीची वेळ, रिक्षाचा नंबर आणि त्या दुचाकीचं जे काही आठवतं ते कागदावर लिहून ठेव.

तुझे,
बाबा