काचघरातल्या शेगडीबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

आधी निर्णय सांगते. काचघरात यंदा रॉकेलची शेगडी पेटवायची नाही. पंखा असलेला विजेचा हीटर घेतलाय, गुरुवारी वायरमन बसवून जाईल. करंट गळला की आपोआप तुटेल असा स्विचही सोबत आहे.

बाबा, तुम्हाला जमत नाही असं मुळीच नाही. पण लिटरभर रॉकेल जळलं की लिटरभराहून जास्त पाण्याची वाफ होते. ती गार काचांवर जमते, थेंब पानांवर पडतात आणि करडी बुरशी धरते. ज्योत नीट जळली नाही तर इथिलीन वायू होतो, त्यानं कळ्या झडतात. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. त्यात तुमचा खोकला. रात्री उठून वात बघणं आता बास.

हीटर १० अंशांवर राहील. थर्मोस्टॅट झाडांच्या उंचीला, सावलीत टांगायचा. त्याच्यावर ऊन पडलं तर तो हीटर चालूच करत नाही. काचांना आतून बबल रॅप लावा, पण छताच्या झडपेवर नको, ती उघडता आली पाहिजे.

आई, १० अंशांत झाडं गारठतील असं तुला वाटेल. पण आजीच्या क्लिव्हियाला हेच हवं. सहा ते आठ आठवडे गारवा आणि जवळजवळ कोरडी माती मिळाली तरच दांडा वर येतो, नाहीतर फूल पानांच्या बेचक्यात अडकून तिथंच उमलतं. दांडा १५ सेंटिमीटर झाला की पाणी वाढव. तोवर तिला मायेनं घोटभरसुद्धा जास्त नको!

काकांचे लाचेनेलियाचे कंद दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातले, ते वाढतातच हिवाळ्यात. उबेत पानं लांबट होऊन लोळतात, म्हणून त्यांना सगळ्यात उजेडाची फळी. ती मोरपंखी फुलं बघायला मी येतेच आहे.

मेडिनिला मात्र फिलिपिन्सची, तिला १५ अंशांच्या खाली चालत नाही. एका कुंडीसाठी सगळं काचघर तापवण्यापेक्षा ती घरात, आईच्या खुर्चीशेजारच्या खिडकीत ठेवू. गुलाबी घोस बसल्या जागी दिसतील, थंडीत बाहेर जायला नको. कळ्या दिसल्या की कुंडी फिरवायची नाही, जागा बदलली तर त्या गळतात.

आता ऐका. पाणी सकाळीच द्यायचं, तेही आतल्या पिंपातलं, पानांवर न उडवता. छोटा पंखा दिवसरात्र चालू. ऊन असेल तेव्हा दुपारी झडप अर्धा तास उघडायची. सुकलेलं फूल त्याच दिवशी काढायचं. क्लिव्हियाच्या पानांच्या बुडाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा, आठवड्यानं पुन्हा. कुंड्या उचलायच्या नाहीत बाबा, चाकांची पाटी आणतेय.

तापमापकाचा आकडा तुमच्या उशाशी दिसेल, ७ अंशांखाली गेला की तो वाजेल. वाजला तरी अंधारात बाहेर पडू नका. क्लिव्हिया आणि लाचेनेलिया एखादी रात्र ५ अंशांतही काढतात. मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.

तुमची,
धाकटी