भोके पडलेले शिंपले

अमळनेर,
१२ मार्च

प्रिय श्रीकांत,
स. न. वि. वि.

डिसेंबरात गुहागरच्या किनाऱ्यावर आपण वेचलेली गोणी घरी उघडली, तेव्हा 'एवढे शिंपले, आणि त्यांत खायला काहीच नाही?' असे सौ.ने विचारले, ते योग्यच होते.

पहिली चूक मी लगेच केली. रंग उजळावेत म्हणून तिसऱ्यांचे मूठभर शिंपले व्हिनेगरात टाकले. बारीक फसफस सुरू झाली आणि तासाभरात त्यांवरच्या जांभळट रेघा पुसट होऊन कवच खडूसारखे झाले. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, हे तीस वर्षे चित्रकला शिकवताना शेजारच्या विज्ञानाच्या वर्गातून कधीतरी कानावर पडायला हवे होते. उरलेले शिंपले चार दिवस गोड्या पाण्यात भिजवले. आमच्या बोअरचे जड पाणी वाळल्यावर स्वतःच पांढरा थर धरते, म्हणून शेवटी पिण्याच्या पाण्याने धुतले.

रंगावरून केलेली वाटणी मोडली, कारण ओला रंग वाळल्यावर टिकत नाही. आता शिंपले ओवून पडदा करायचा आहे, म्हणून केळीच्या खोक्यांत मी भोकांवरून वाटणी करतो. नॅटिका कुळातील गोगलगाय सावजाच्या कवचाला आम्ल लावून व जिभेने खरवडून जे भोक पाडते, ते बाहेर रुंद, आत निमुळते, जणू छोटी वाटी. म्युरेक्स या दुसऱ्या शिकारी गोगलगायीच्या भोकाच्या कडा बहुधा सरळ असतात. ओवताना पहिलेच सरस ठरते, कारण दोऱ्याची गाठ त्या वाटीत बसून दिसेनाशी होते. स्पंज नावाच्या समुद्री जीवाने पोखरून चाळण केलेले शिंपले ओवण्यास निरुपयोगी, परंतु खिडकीत टांगले की त्यांतून येणारे ऊन पाहत बसावे.

हे करताना चाळीसगाव तालुक्यातील पाटणे सारखे आठवते. तेथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. द्रव्य तेच, कॅल्शियम कार्बोनेट, फक्त भोक माणसाने पाडलेले. माझे भोक पाडण्याचे काम गोगलगायीने केले, म्हणून पडद्यावर माझे नाव घालावे की नाही, हा विचार चालू आहे.

पडद्याला अजून साठेक शिंपले कमी पडतात. वाटीसारख्या भोकाचे मिळाले तर पाठव, मात्र आत जीव नाही हे पाहून घे. आणि प्रवाळ किंवा समुद्री पंखा दिसला तरी उचलू नकोस, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक