होडीचा पीळ गोंदाआधीच काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरी लहान होडी बांधू पाहणारे हौशी लोक बहुतेक वेळा लाकूड कोणते घ्यावे यावरच अडून बसतात. ‘बीएस १०८८’ या ब्रिटिश मानकाचा ४ किंवा ६ मि.मी. जाडीचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लायवूड) घेतला की तो प्रश्न संपतो. होडी बिघडते ती पुढच्या कामात.

तांब्याच्या तारेने प्लायच्या फळ्या शिवून सांधे इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर कालवून होणाऱ्या गोंदाने) भरायची पद्धत नवशिक्यांसाठी सर्वांत सोपी. १९६२ साली बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी आखलेली ‘मिरर’ ही सुमारे ३.३ मीटरची शिडाची होडी अशीच तारेने फळ्या शिवून, पण इपॉक्सीऐवजी पॉलिएस्टर रेझिन वापरून, हजारो हौशी लोकांनी बांधली. तिच्यामागे ‘डेली मिरर’ हे ब्रिटिश वृत्तपत्र होते, म्हणून हा विषय वृत्तपत्रात मांडणे मला योग्य वाटते.

तारांनी उभी राहिलेली होडी ढिली असते आणि सहज पिळवटते. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या, टोकापासून मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचे अंतर सारखे भरले की अनेकजण निश्चिंत होतात. त्या मापाने होडी डावी-उजवीकडे वाकली आहे का एवढेच कळते, पीळ कळत नाही. त्यासाठी पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून मागून एका डोळ्याने पाहावे. दोन्ही पट्ट्यांच्या कडा समांतर दिसेपर्यंत कोपऱ्याखाली पाचर सरकवावी, तारा सैल-घट्ट कराव्यात. सांधा एकदा सुकला की पीळ कायमचा, आणि अशी होडी सरळ चालत नाही.

इपॉक्सीतील रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते: कुठे ५:१, कुठे २:१. ते वजनाने आहे की आकारमानाने, हे नीट वाचावे. पॉलिएस्टर रेझिनची सवय असलेले लोक लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवतात. इपॉक्सीत त्याने काम लवकर होत नाही, थर मऊ राहतो आणि शेवटी खरवडून काढावा लागतो. एका वेळी दीडदोनशे ग्रॅमच कालवावे आणि पसरट भांड्यात ओतावे. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापून घट्ट होते. कोपरे भरताना त्यात लाकडाचे बारीक पीठ मिसळून लुकणाइतके घट्ट करावे. आधी तारेच्या टाक्यांमधल्या जागा भराव्यात, सुकल्यावर तारा काढून सलग गोलवा द्यावा आणि वर ७५ मि.मी. रुंद फायबरग्लास टेप बसवावी. सुकलेल्या थरावर कधीकधी मेणचट साय येते. ती पॉलिश कागद मारण्याआधी साध्या पाण्याने घासून धुवावी, नाहीतर वरचा रंग सुटतो.

प्लायच्या कडा उघड्या ठेवू नयेत. पाणी तिथूनच शिरते. पातळ इपॉक्सी कड पिणे थांबवेपर्यंत लावत राहावे. स्क्रूचे भोक मोठे पाडून इपॉक्सीने भरावे आणि सुकल्यावर त्यातच पुन्हा बारीक भोक पाडावे.

हवाबंद कप्पे पुढे आणि मागे वेगवेगळे करावेत, म्हणजे एक फुटला तरी दुसरा होडी धरून ठेवतो. पहिल्या फेरीआधी कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम भरून, तिला धरून माणसे तरंगतात का हे पाहावे.

आपला,
एक वाचक