मागच्या ब्रेकच्या गळक्या कॅलिपरविषयी

रत्नागिरी,
दि. १२ ऑक्टोबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मोटारसायकलच्या मागच्या कॅलिपरखाली (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाखाली) ओल दिसते, पेडल पूर्वीपेक्षा खोल जाते आणि गॅरेजवाला पूर्ण कॅलिपरच बदला म्हणतो, असे तू लिहिले आहेस. माझ्या गाडीचे हेच दुखणे मी पाऊस सरल्यावर घरीच, पडवीत बसून निस्तरले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. पिस्टनला, म्हणजे तेलाच्या दाबाने पॅड पुढे ढकलणाऱ्या आतल्या नळकांड्याला, खड्डे पडलेले नसतील तर कॅलिपर बदलण्याचे काही कारण नाही. मात्र किट आणून नुसते सील (पिस्टनभोवतीचे रबरी कडे) बदलले की झाले, असे कोणी सांगत असेल तर त्याचेही ऐकू नकोस, कारण सील ज्या खाचेत बसते ती खाच साफ करणे हेच या कामातले खरे काम आहे आणि घाईच्या धंद्यात नेमके तेच कोणी करत नाही.

तरी पाना हातात घेण्यापूर्वी ही ओल ब्रेक ऑइलचीच आहे ना, याची खात्री करून घे. मागच्या चाकाच्या आसपास चेनचे वंगण उडते, इंजिनाचे तेल पाझरून मागे येते, शॉकअबसॉर्बरचेही तेल गळते. ओल बोटावर घेऊन पाण्याच्या वाटीत बुडव. इंजिनाचे तेल किंवा वंगण असेल तर पाण्यावर तवंग धरते; ब्रेक ऑइल पाण्यात सरळ मिसळून जाते. (वाटी स्वयंपाकघरातली घेऊ नकोस, ब्रेक ऑइल विषारी असते आणि वहिनींना ते सांगण्याची वेळ येऊ नये.) खात्री झाली की सगळा कॅलिपर पाण्याने धुऊन, कोरडा करून, खाली वर्तमानपत्र पसर आणि पेडल चांगले जोर देऊन दाबून धर. ओल नळीच्या जोडापाशी आली तर बँजो बोल्टच्या (नळी कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वॉशरचा दोष आहे, निपलपाशी (हवा काढायच्या तोटीपाशी) आली तर निपलचा. ही दोन्ही कामे किरकोळ आहेत. पॅडच्या मागून, डस्ट सीलच्या (धूळ-पाणी अडवणाऱ्या बाहेरच्या रबराच्या) कडेने ओल उतरत असेल तर मात्र पिस्टनचे सील गेले असे समज. तुझ्या वर्णनावरून मला तेच दिसते.

हे सील काय काम करते ते एकदा नीट लक्षात घेतलेस तर पुढचे सगळे आपोआप सुटत जाईल. ते गोल तारेसारखे नसून चौकोनी काटछेदाचे कडे असते आणि पिस्टनवर घसरण्याऐवजी त्याला घट्ट धरून बसते. तू पेडल दाबलेस की पिस्टन पुढे सरकतो आणि सीलची आतली कड त्याच्याबरोबर पुढे ओढली जाऊन सील किंचित वाकते. पेडल सोडलेस की ते वाकलेले रबर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे आणते. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पॅड डिस्कपासून सुटतात ते मुख्यतः या रबराच्या लवचिकतेमुळे. पॅड झिजत गेले की पिस्टन सीलमधून थोडा थोडा पुढे घसरतो आणि तिथून नव्याने हाच खेळ सुरू राहतो. म्हणजे ज्या दोषामुळे तेल गळते त्याच दोषामुळे पॅड डिस्कला चिकटून राहणे, चाक जड फिरणे आणि डिस्क तापणे हेही होते. तुझे चाक स्टँडवर हाताने फिरवून बघ, मोकळे फिरत नसेल तर माझ्या निदानाला बळ मिळेल.

आता गळती का लागते? आपल्याकडे बहुतेक जण पायाचा ब्रेक जास्त वापरतात, त्यामुळे मागचे पॅड लवकर झिजतात आणि पिस्टन बराच बाहेर येऊन राहतो. मागचे चाक चिखल आणि वाळू उडवते ती नेमकी त्याच भागावर जाऊन बसते. डस्ट सील थोडेही फाटलेले असले तर पाणी आत शिरते, पिस्टनच्या क्रोमवर गंज धरतो, आणि मग पॅड बदलण्याच्या दिवशी मेकॅनिक तो बरबटलेला पिस्टन स्क्रू ड्रायव्हर घालून तसाच आत ढकलतो. गंजाचा तो खरखरीत पट्टा सीलवरून घासत जातो आणि गळतीचे बी तिथे पेरले जाते. पॅड बदलताना पिस्टन आधी ब्रेक ऑइलने पुसून मग आत सारणारा मेकॅनिक भेटला तर त्याला धरून ठेव.

खोलण्याच्या कामात क्रमाला महत्त्व आहे. कॅलिपर गाडीवर घट्ट असतानाच बँजो बोल्ट आणि निपल पान्याने जेमतेम हलवून पुन्हा कसून ठेव, कारण कॅलिपर सुटा झाला की त्याला धरायला जागा राहत नाही. निपलला उघडा पाना लावू नकोस. रिंग पानाच लाव, नाहीतर कोपरे झिजून निपल आतच मोडतो. मग कॅलिपर डिस्कवरून उतरव, पॅड काढ, पिस्टनसमोर लाकडाची पट्टी आणि जाड कापड ठेव आणि पेडल हळूहळू दाबत जा. पिस्टन बाहेर काढण्यासाठी गाडीच्या स्वतःच्या ब्रेकइतके चांगले अवजार दुसरे नाही, फक्त ब्रेक ऑइलच्या टाकीतले तेल तळाला जाऊ देऊ नकोस. काही जण कॉम्प्रेसरची हवा मारतात. त्या दाबाने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि समोर बोट असेल तर चेचते. ग्रीस गनने काढणारेही असतात, पण साधे ग्रीस म्हणजे खनिज तेल; ते आतल्या रबराला लागले की रबर फुगते, आणि बारीक छिद्रांतून ते पुरते धुऊन काढणे कठीण जाते. पिस्टन सुटत आला की नळी सोडव, तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांध आणि सांडलेल्या ठिकाणी लगेच पाणी ओत. ब्रेक ऑइल रंग खाते. पेट्रोलच्या टाकीवर किंवा स्विंग आर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) थेंब पडून राहिला तर डाग कायमचा.

पिस्टन हातात आला की उजेडात धरून नख फिरव. सील ज्या पट्ट्यात बसते तिथे नख अडकले, म्हणजे क्रोमला खड्डा किंवा पोपडा आहे, तर तो पिस्टन टाकून दे. पॉलिश पेपरने घासून तो खड्डा जात नाही, उलट क्रोम आणखी उडते. तेथे नुसता तपकिरी डाग असेल आणि नख सरळ घसरत असेल तर ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेल्या कापडाने तो निघतो. बाहेरच्या टोकाला, जो भाग सीलपर्यंत कधी पोचतच नाही, तिथला थोडा गंज मी चालवून घेतला.

आणि आता खाच. जुने सील लाकडी टूथपिकने काढ. पोलादी टोचा वापरलास तर खाचेच्या कडेला ओरखडा पडेल आणि नवीन सीलही तिथून पाझरेल. सील निघाल्यावर खाच रिकामी दिसते, पण तिच्या तळाशी बोट फिरवलेस तर एक खरखरीत पांढरा थर लागेल. माठाच्या बुडाला क्षार चढतात तसा हा ॲल्युमिनिअमचा क्षार असतो आणि तो बहुधा डस्ट सीलच्या खाचेत जास्त साठतो, कारण पाणी तिथूनच येते. हा थर सीलला खालून उचलतो. सील पिस्टनवर एका बाजूने जास्त आवळले जाते आणि दुसऱ्या बाजूने सैल राहते, त्यामुळे पिस्टन जाम होतो आणि सैल बाजूने तेल पाझरते. अशा खाचेत कोरे करकरीत सील घातले तरी पुन्हा तेच होणार. माझ्याही कॅलिपरच्या खाचेच्या खालच्या अर्ध्या भागात हा थर चांगला जमला होता. जुन्या टूथब्रशची दांडी तासून तिला खाचेच्या रुंदीचे टोक केले आणि तिने कोपरे खरवडत बसलो. मध्ये मध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचे, विजेरीने पाहायचे, पुन्हा खरवडायचे, असे संपूर्ण दुपारभर चालले. सौभाग्यवतींनी एकदा येऊन दागिना घडवता का म्हणून विचारले. चमकता, गुळगुळीत धातू सगळीकडे दिसेपर्यंत थांबू नकोस. पेट्रोल किंवा रॉकेल मात्र आत मुळीच नको, कारण पुढे तिथे रबर बसणार आहे.

नवीन किट घेताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगूनच घे, कारण पिस्टनचा व्यास एक मिलिमीटरने जरी वेगळा असला तरी सील जुळत नाही. दुकानदार "रबर म्हणजे रबर" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. तेलाचेही तसेच आहे. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जी प्रत लिहिलेली असते तीच वापर. आपल्या गाड्यांना बहुधा डॉट ४ लागते. डॉट ५.१ हे त्याच जातीचे तेल आहे, पण नुसते डॉट ५ हे सिलिकोनचे असते आणि ते यात चालत नाही. डबा नवा, सीलबंदच हवा. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेते आणि आपल्या कोकणच्या हवेत तर भराभर. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच अट १५५ अंशांवर येते. तू कोल्हापूरहून आंबा घाट उतरून माझ्याकडे येतोस तेव्हा सारखा मागचाच ब्रेक दाबून ठेवलास तर जुने, पाणी मुरलेले तेल कॅलिपरमध्ये उकळू शकते, त्याची वाफ होते आणि पेडल एकदम खाली जाते.

बसवताना सील आणि पिस्टन ताज्या ब्रेक ऑइलने माखून घे. सील खाचेत बोटाने बसव, ते कुठे पिळलेले नाही ना हे बोट फिरवून पाहा, मग पिस्टन अगदी सरळ धरून अंगठ्यांनी दाब. खाच खरोखर साफ असेल तर तो जड पण एकसारख्या गतीने आत जातो. तिरका होऊन अडकला तर हातोडी घेऊ नकोस, बाहेर काढून पुन्हा लाव. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पुसून त्यांना सिलिकोन ग्रीस लाव. पिना अडकल्या तर एकच पॅड झिजतो आणि दोष उगाच पिस्टनवर येतो. तेलात भिजलेले पॅड भाजून किंवा घासून सुधारत नाहीत, ते बदलच. डिस्क अल्कोहोलने पुसून घे. बँजो बोल्टला तांब्याचे दोन्ही वॉशर नवे घाल आणि तो मॅन्युअलमधला आकडा पाहून टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळ.

हवा काढण्याचे काम सर्वांत चिकट. सवयीप्रमाणे पेडल मारून दाबून धरायचे, निपल उघडायचा, बंद करायचा, मगच पेडल सोडायचे, हे तुला ठाऊक आहे. पण मागचा कॅलिपर बऱ्याच गाड्यांवर असा बसवलेला असतो की निपल सर्वांत उंच जागी येत नाही आणि बुडबुडा आतल्या कोपऱ्यात दडून बसतो. अशा वेळी कॅलिपर उतरवून, पॅडांच्या मधे डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घालून, निपल वर येईल असा तिरपा धर आणि हवा काढ. इतका खटाटोप कशाला, तर हिशेब पाहा. मास्टर सिलिंडरचा (पेडलने तेल दाबणाऱ्या सिलिंडरचा) व्यास समजा १२.७ मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ३२ असेल, तर क्षेत्रफळाचे प्रमाण सहापटीहून थोडे अधिक पडते. म्हणजे पायाचा जोर सहापट होतो खरा, पण कॅलिपरचा पिस्टन अर्धा मिलिमीटर सरकायला मास्टरचा पिस्टन तीन मिलिमीटरहून जास्त सरकावा लागतो. त्या थोड्याशा अंतरात एक बुडबुडा दाबण्यातच वाया गेला तर पेडल पोकळ लागणारच. सगळे करूनही किंचित मऊ वाटले तर पेडल रात्रभर दोरीने दाबून बांधून ठेव आणि सकाळी पुन्हा पाहा. पुष्कळदा फरक पडतो.

तुझ्या गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे म्हणून तू घाबरला आहेस. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना ते सक्तीचे झाले, पण तुझ्या गाडीत ते फक्त पुढच्या चाकाला आहे. मागची तेलाची वाट स्वतंत्र आणि साधी आहे, त्यामुळे वरचे सगळे तुला तसेच लागू पडते. दोन्ही चाकांना एबीएस असते तर टाकी रिकामी होऊ न देण्याची काळजी दुप्पट घ्यायला सांगितले असते, कारण मॉड्युलेटरमध्ये (एबीएसच्या तेलाचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) हवा शिरली तर ती काढायला कधी कधी कंपनीचे यंत्र जोडावे लागते.

जोडणी झाल्यावर पेडल जोरात दाबून मिनिटभर धर. ते हळूहळू खाली जाता कामा नये. कॅलिपरला कोरडा पांढरा कागद बांधून गाडी रात्रभर ठेव. कागद कोरडा राहिला तर गल्लीतच कमी वेगाने पुढच्या ब्रेकवर बोट ठेवून चाचणी घे आणि नवे पॅड रुळेपर्यंत घाटात जाऊ नकोस.

किट मागवण्याआधी पिस्टन काढून त्याचा उजेडातला फोटो मला पाठव, विशेषतः सीलच्या पट्ट्याचा. खड्डा दिसला तर पिस्टनसकटचे किट घ्यावे लागेल. टॉर्क पाना माझ्याकडे आहे. कोल्हापूरला येणाऱ्या कोणाबरोबर तरी तो पाठवतो, नवा घेऊ नकोस. काका-काकूंना आणि वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत