भूल उतरेपर्यंत

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही परवा विचारलंत, की चार वर्षं व्हेटरिनरी टेक्नॉलॉजी शिकून डॉक्टर होणारच नसशील, तर करणार काय? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

निदान करणं, औषध लिहून देणं आणि शस्त्रक्रिया करणं ही कामं इथे अमेरिकेत फक्त जनावरांच्या डॉक्टरांची. रक्त तपासणं, एक्स-रे काढणं, सलाइन लावणं, दात साफ करणं, भूल सांभाळणं हे आमचं. पदवीनंतर व्हीटीएनई नावाची परीक्षा असते. 3 तासांत 170 प्रश्न, त्यातले 150 गुणांत धरतात.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते भुलेचं काम. डॉक्टरांचे डोळे आणि हात शस्त्रक्रियेत गुंतलेले असतात. त्या वेळी जनावराच्या श्वासाकडे, नाडीकडे सतत लक्ष ठेवणारं माणूस म्हणजे टेक्निशियन. मॉनिटर असतोच, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही, हे आमच्या बाई पुन्हा पुन्हा सांगतात. हिरडी बोटानं दाबायची. पांढरी झालेली जागा 2 सेकंदांच्या आत गुलाबी झाली पाहिजे. जबडा किती सैल आहे, पापणी हलते का, हे हातानं बघायचं.

आई, तुला आश्चर्य वाटेल, पण मांजरासारख्या लहान जनावराला भुलेत मोठा धोका थंडीचा असतो. पोट उघडलेलं, नळीतून येणारा ऑक्सिजन कोरडा आणि गार, आणि एवढ्याशा देहातून ऊब भराभर निघून जाते. शरीर गार पडलं की कमी भूल पुरते. म्हणजे मशीनवरचा आकडा तोच ठेवला, तरी भूल नकळत जास्त खोल जाते आणि रक्तदाब उतरतो. तो फार उतरला तर मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही. म्हणून गरम हवेचं पांघरूण घालायचं, तापमान लिहीत राहायचं आणि काही बिनसतंय असं दिसलं की डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगायचं. टाके घातले म्हणजे संपलं असंही नाही. भुलेमुळे दगावणाऱ्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक शस्त्रक्रियेनंतर दगावतात, तीही बहुतेक पहिल्या 3 तासांत. त्यामुळे ती मान उचलून धड बसेपर्यंत मी तिच्याजवळून हलत नाही. बाबा, हे दुय्यम काम आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही.

ताईला एक निरोप द्या. तिच्या मनीला ताप वाटला तरी पॅरासिटामॉल अजिबात द्यायचं नाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं आणि हिरड्या तपकिरी पडतात. 500 मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. चुकून पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे न्यायला सांगा.

तुमची,
धाकटी